बातम्यांचा आवाज, फुलवालीची बोली



अभिनेत्री भक्ती बर्वे यांच्याविषयी बोलायचं तर फुलराणीपासून सुरुवात करायची, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. मी आज तो थोडा वेळ बाजूला ठेवणार आहे. फुलराणीकडे यायचंच आहे, तिला टाळून कुणाची सुटका नाही. पण जरा वळसा घालून येऊ. कारण मला असं वाटतं, की १९७५ साली 'ती फुलराणी' नाटकातून जी मंजुळा रंगमंचावर आली, तिची तयारी नाटकाच्या तालमीत जितकी झाली तितकीच, किंबहुना काकणभर जास्त, आकाशवाणीच्या एका बंद खोलीत झाली होती.

एखाद्या नटीची कारकीर्द मांडताना आपण कप्पे करतो. आधी रंगभूमी, मग चित्रपट, मग दूरदर्शन, आणि शेवटी 'इतर' या सदरात निवेदन, वृत्तवाचन, श्रुतिका वगैरे. हा 'इतर' कप्पा पानाच्या तळाशी दोन ओळींत उरकला जातो. भक्ती बर्वे यांच्या कारकिर्दीचा पाया शोधायचा, तर तो मला नेमका या दोन ओळींत सापडतो. आजचं व्याख्यान हे त्या दोन ओळींचा विस्तार आहे, असं समजा.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८चा, सांगलीचा. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, तेव्हा ही मुलगी नाटकातच जायची, असं कुणी म्हणेल. पण त्यांचं नाटक सुरू झालं ते मुंबईत, सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'मध्ये. १९५९मध्ये करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' करून आपल्याकडच्या बालरंगभूमीला नवं वळण दिलं. त्याआधी मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात आईची साडी गुंडाळून केलेला प्रकार. करमरकरांनी त्याला नेपथ्य दिलं, प्रकाशयोजना दिली, आणि मुख्य म्हणजे तिकीट लावलं. या शाळेत शिकलेल्या नटाला एक गोष्ट लवकर कळते. मुलं शिष्टाचार म्हणून गप्प बसत नाहीत. एखादं वाक्य पोचलं नाही, की तिसऱ्या रांगेत गोळ्यांचे कागद वाजायला लागतात आणि पाचव्या रांगेतला एकजण मोठ्याने विचारतो, 'आई, काय म्हणाली ती?' शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत नेण्याचं याहून कडक शिक्षण नाट्यशाळेतही मिळत नाही.

नंतर आकाशवाणी. इथे मात्र सगळं उलटं. समोर कुणीच नाही.

मी स्वतः काही वर्षं एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होतो, म्हणून त्या खोलीबद्दल थोडं अधिकाराने सांगतो. जाड दरवाजा, भिंतींना छिद्रांचे तक्ते, समोर घड्याळ, हाताशी फेडर, दोन्ही बाजूंना तबकड्या फिरवायची यंत्रं आणि पुढ्यात क्यू शीट. दिल्लीहून बातम्या सहक्षेपित व्हायच्या असतील तर त्याआधीचं आपलं वाक्य बरोबर त्या सेकंदाला संपलं पाहिजे. ना आधी, ना नंतर. आधी संपलं तर पोकळी पडते, आणि ड्यूटी रूममधून फोन येतो. कागदाचा आवाज होऊ द्यायचा नाही, म्हणून टाचण्या काढून सुटी पानं अलगद सरकवायची. 'प', 'फ', 'भ' आले की तोंड केसभर बाजूला न्यायचं, नाहीतर श्वासाचा फटका माइकवर बसतो. श्वास घ्यायचा तोही ऐकणाऱ्याला कळणार नाही अशा जागी. आणि हे सगळं करताना आवाजात घाई, भीती, कंटाळा यांतलं काही उमटता कामा नये. घरात सासूशी भांडण होऊन आलेली बाई असो की तापाने फणफणलेला माणूस असो, ऐकणाऱ्याला रोज तोच प्रसन्न माणूस भेटला पाहिजे.

निवेदन हा अभिनयच आहे, फक्त त्यात पात्राला नाव नसतं.

भक्ती बर्वे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका होत्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे वरळीच्या त्या केंद्रावरून त्या मराठी बातम्या वाचू लागल्या. स्मिता पाटील त्याच केंद्रावर वृत्तनिवेदिका होत्या. आज चोवीस तास ओरडणाऱ्या वाहिन्यांच्या काळात त्या बातम्यांचं वजन समजावून सांगणं कठीण आहे. एकच वाहिनी, चाळीत एखाद्याच घरी संच, त्याच्यासमोर शेजारपाजारची पंधरावीस माणसं. पडद्यावरची बाई जे सांगेल ते खरं. तिने कपाळाला आठी घातली नाही, हातवारे केले नाहीत, आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच खरं. महाराष्ट्रातल्या घराघरांत प्रमाण मराठीचा कान तयार झाला तो पाठ्यपुस्तकांपेक्षा या मंडळींच्या उच्चारांवर. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', दंततालव्य 'च' आणि तालव्य 'च' हे सगळं जागच्या जागी. आई मुलांना म्हणायची, बघ, कसं बोलतात ते.

आता या बाईला पु. ल. देशपांड्यांनी फूल विकणारी मुलगी केलं!

मला यातली गंमत पुन्हा सांगू द्या. नाटकात एक भाषाशास्त्रज्ञ एका गावंढळ बोलणाऱ्या फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवतो. आणि ती फुलवाली कोण? जिच्याकडे बघून उभा महाराष्ट्र शुद्ध बोलायला शिकत होता, ती. बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' १९१४ साली लंडनमध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा एलायझाचं काम मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी केलं. त्या तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, आणि लंडनने ते खपवून घेतलं, कारण त्या नाटकात वयापेक्षा जीभ महत्त्वाची. पुढे त्यावरून झालेल्या 'माय फेअर लेडी' या १९६४च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न दिसल्या खऱ्या, पण त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या गळ्यातून आली. बोलण्यावरच्या नाटकातल्या नायिकेला गाण्यापुरता दुसरीचा आवाज उसना घ्यावा लागला. पार्श्वगायनाच्या देशात आपल्याला याचं नवल वाटत नाही, तो भाग वेगळा.

आपल्या मुंबईत याच नाटकाचा गुजराती अवतारही झाला. मधू राय यांचं 'संतू रंगीली', दिग्दर्शक प्रवीण जोशी, आणि संतूच्या भूमिकेत सरिता जोशी. मराठीत पु. लं.नी लेखणी उचलली. २९ जानेवारी १९७५ रोजी 'ती फुलराणी'चा पहिला प्रयोग झाला. प्राध्यापक अशोक जहागीरदार म्हणून सतीश दुभाषी आणि मंजुळा साळुंखे म्हणून भक्ती बर्वे. पु. ल. स्वतः आकाशवाणीत नोकरी केलेले, दिल्लीत दूरदर्शनच्या अगदी पहिल्या दिवसांत काम केलेले. माइकसमोर कोण कसं बोलतं, याचा कान त्यांना होता. रेडिओतल्या माणसाने लिहिलेलं आणि रेडिओतल्या बाईने बोललेलं, असं हे नाटक आहे. समीक्षकांनी शॉ आणि पु. ल. यांची तुलना करण्यात पानंच्या पानं खर्ची घातली. या साध्या गोष्टीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

सुशिक्षित नट अशिक्षिताची बोली बोलतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा काय होतं? तो 'न'च्या जागी 'ण' आणि 'ण'च्या जागी 'न' टाकत सुटतो, हेल काढतो, नाकात बोलतो, आणि प्रेक्षक हसतात. ते हसू त्या पात्राला असतं. 'आम्ही असं बोलत नाही बुवा' या समाधानाचं. मराठी नाटक-सिनेमात मोलकरीण, गडी, हवालदार यांच्या तोंडी घातलेली भाषा ऐकली, की मला अजून संकोच होतो. मंजुळेच्या भूमिकेत हा धोका पुरेपूर होता. शिवाजी मंदिरचा, टिळक स्मारकचा प्रेक्षक हा अशोक मास्तरांच्या बाजूचा, मंजुळेच्या नव्हे. तो हसायला तयार होऊनच आला होता.

भक्ती बर्वे यांनी त्याला हसवलं. पण मंजुळेची बोली त्यांनी चुकांची माळ म्हणून बोलली नाही. तिला स्वतःची लय होती, स्वतःचे आघात होते. वाक्य कुठे तोडायचं, कुठला शब्द ओढायचा, याचा एक पक्का नियम त्यांनी ठरवला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. हे फक्त ज्याचा प्रमाण भाषेचा कान अगदी लख्ख आहे त्यालाच जमतं. सरळ रेघ काढता येणाऱ्यानेच वाकडी रेघ मनासारखी काढावी. कसलेली निवेदिका असल्यामुळे त्यांना नेमकं माहीत होतं, प्रत्येक ध्वनी जिभेच्या कुठल्या जागेवरून येतो, आणि ती जागा किती सरकवली की माणूस वस्तीतला वाटतो आणि किती सरकवली की नकलेतला.

ते प्रसिद्ध स्वगत घ्या. मास्तरांनी छळून छळून बेजार केलेली मंजुळा एकटीच उरते आणि त्यांच्यावर सूड उगवायची स्वप्नं रंगवते. हे स्वगत पुढे शाळा-कॉलेजांतल्या प्रत्येक एकपात्री स्पर्धेत इतक्या मुलींनी केलं, की परीक्षकांनी त्याचा धसका घ्यावा. मीही परीक्षक म्हणून ते पुष्कळ सोसलं आहे. बहुतेक मुली ते पहिल्यापासून वरच्या पट्टीत धरतात, आणि निम्म्यात घसा बसतो. भक्ती बर्वे यांचं चित्रमुद्रण आज हातातल्या फोनवर पाहायला मिळतं. ते एकदा डोळे मिटून ऐका. आधी हुंदका, मग त्या हुंदक्यातच दडलेला खट्याळपणा, मग राग, मग रागातून फुललेलं दिवास्वप्न. दर टप्प्याला पट्टी वेगळी, वेग वेगळा. वेग सगळ्यात वाढतो तिथेही एक अक्षर गिळलेलं नाही. आणि श्वास कुठे घेतला, ते सापडत नाही. ती मघाची बंद खोली इथे कामाला आली, असं मी म्हणतो ते यासाठी. त्या काळी अंगावर लावायचे माइक नव्हते. रंगमंचाच्या कडेचे आणि वरून सोडलेले माइक जेवढं पकडतील तेवढं, बाकी सगळं फुप्फुसांच्या भरवशावर.

नाटकाच्या उत्तरार्धात हीच मंजुळा शुद्ध बोलू लागते. माझ्या मते भक्ती बर्वे यांचं खरं कसब तिथे होतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं, कारण तिथे टाळ्या कमी पडतात. त्यांना हवं असतं तर त्या सरळ आपल्या बातम्यांच्या आवाजात बोलू शकल्या असत्या. तयार माल होता. पण मंजुळेची शुद्ध भाषा ही शिकलेली भाषा आहे, कोरी करकरीत, अंगात अजून न मुरलेली. तेव्हा रोज संध्याकाळी जी भाषा सहज बोलायची, तीच रंगमंचावर परकी असल्यासारखी बोलायची!

या भूमिकेने त्यांना सगळं दिलं आणि थोडं काढूनही घेतलं. पुढचं काहीही केलं तरी लोक फुलराणीचं माप लावत. अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय'मध्ये त्यांनी घरकामातून निवृत्त व्हायचं ठरवलेली आई केली. मध्यमवर्गीय बायकांच्या गर्दीने ते नाटक चाललं. अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये त्या कस्तुरबा झाल्या, बाप आणि मुलगा यांच्यात भरडली जाणारी आई. दूरदर्शनसाठी त्यांनी बहिणाबाई उभ्या केल्या. म्हणजे पुन्हा एक बोली, या वेळी खानदेशची, आणि तीही जिची गाणी लोकांना तोंडपाठ आहेत अशा बाईची. १९९०चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. या सगळ्यावर वेगळं व्याख्यान होईल. मला आज वेळ द्यायचाय तो एका हिंदी चित्रपटाला.

'जाने भी दो यारो' १९८३ साली आला. कुंदन शहांचा पहिला चित्रपट, पैसा सरकारी चित्रपट महामंडळाचा, म्हणजे एनएफडीसीचा, आणि तोही इतका तुटपुंजा की आज तेवढ्यात एखादी जाहिरातसुद्धा होणार नाही. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह अशी फौज. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला भक्ती बर्वे ठाऊक असतात त्या या एका चित्रपटामुळे. त्यात त्या शोभा सेन आहेत, 'खबरदार' नावाच्या नियतकालिकाच्या संपादक. शहरातल्या बिल्डरांची आणि आयुक्तांची भानगड बाहेर काढायची म्हणून ती विनोद आणि सुधीर या दोन होतकरू, कडक्या फोटोग्राफरांना कामाला लावते. पोरं भाबडी. त्यांना वाटतं, बाई सत्यासाठी लढतेय. विनोद तर तिच्या प्रेमातच पडतो. पुढे कळतं, की बाईंना ते फोटो छापायचेच नाहीत; त्यांच्या जोरावर बिल्डरकडून पैसे उकळायचे आहेत.

त्या चित्रपटात सगळे जण हातभर मोठा अभिनय करतात, आणि तसाच तो करायचा होता. सतीश शाहांचं प्रेत तर जिवंत माणसांपेक्षा जास्त काम करतं. या धुमाळीत शोभा सेन तेवढी शांत आहे. आवाज खालचा, वाक्यं पूर्ण, शब्दाला शब्द लागत नाही. विनोदला लाडीगोडी लावतानाही त्या आवाजाची घडी मोडत नाही. आता ८३ सालच्या मुंबईकर प्रेक्षकाच्या जागी स्वतःला बसवा. हा आवाज त्याने कुठे ऐकलाय? बातम्यांत. ज्या आवाजावर त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला, तोच आवाज पडद्यावर सचोटीची भाषा बोलतोय आणि सचोटी विकतोय. विनोद आणि सुधीर फसतात, त्यांच्याबरोबर प्रेक्षकही फसतो, आणि दोघांच्या फसण्याचं कारण एकच आहे. कुंदन शहांनी हे हिशेबाने केलं की योगायोगाने झालं, यावर मी पैज लावणार नाही. पण एखाद्या सरावलेल्या खलनायिकेला घेतलं असतं तर ती पहिल्याच दृश्यात भुवई उंचावून मोकळी झाली असती, आणि चित्रपटाचा निम्मा डाव तिथेच उधळला असता.

या कामानंतर हिंदी चित्रपटाने त्यांच्यासाठी रांग लावली नाही. पस्तिशीला आलेली, बुद्धिमान दिसणारी, कुणाची बहीण किंवा वहिनी न वाटणारी बाई घेऊन काय करायचं, हे तेव्हाच्या हिंदी सिनेमाला सुचणं अवघडच होतं. १९९८च्या गोविंद निहलानींच्या 'हजार चौरासी की माँ'मध्ये त्या दिसतात, पण छोट्या भूमिकेत. याला मी अन्याय म्हणणार नाही. अन्याय करायलाही आधी समोरच्याची दखल घ्यावी लागते.

खासगी आयुष्याबद्दल मी फार बोलणार नाही. त्यांनी नट-दिग्दर्शक शफी इनामदार यांच्याशी लग्न केलं. शफी इनामदार १३ मार्च १९९६ रोजी अचानक गेले, ते पन्नाशीच्या जेमतेम उंबरठ्यावर होते. त्यानंतरच्या वर्षांत भक्ती बर्वे यांना बळ दिलं ते पुन्हा जुन्या नाटकानेच. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम त्या करत असत. त्यात मंजुळाही यायची आणि तिच्या घडण्याच्या आठवणीही. फुलराणीच्या मापाचं ओझं मी मघाशी सांगितलं. पण त्यांनी ते ओझं फेकून न देता चक्क त्याचाच कार्यक्रम केला. नट, निवेदिका आणि साक्षीदार अशी तिन्ही कामं एकाच वेळी, एकाच घशातून. ज्या 'इतर' कप्प्याने मी आज सुरुवात केली, तो इथे उघडपणे रंगमंचाच्या मध्यभागी आला होता. प्रेक्षकांशी थेट बोलणारी ती बाई आकाशवाणीची होती, आणि वाक्याच्या मध्येच जी पोर तिच्यात शिरायची ती नाटकातली.

पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून मुंबईकडे परतताना मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर भाताणच्या बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि भक्ती बर्वे गेल्या. बावन्न वर्षांच्या होत्या. रात्रीबेरात्री गाडीने गावोगाव फिरणं हा आपल्या नाटकवाल्यांचा रोजचाच शिरस्ता आहे, आणि त्या रस्त्यांनी आपले किती कलावंत नेले, याची मोजदाद आपण एखादी शोकसभा झाली की विसरतो.

आता हाती काय उरलं? बातम्या तर वाऱ्यावर गेल्या. रोजची बातमीपत्रं जपून ठेवायची कल्पनाच त्या काळी नव्हती, आणि निवेदकाने दोन गाण्यांच्या मध्ये उच्चारलेली वाक्यं कोण साठवणार? नाटकांपैकी काही तुकडे. चित्रपटांपैकी एक अख्खी भूमिका. तेव्हा या श्रोतृवर्गात आकाशवाणीत किंवा दूरदर्शनमध्ये नोकरी केलेलं कुणी असेल, कुणाच्या माळ्यावर जुनी टेप, एखादी श्रुतिका, कुण्या संस्थेच्या कार्यक्रमाचं घरगुती ध्वनिमुद्रण पडलं असेल, तर ते बाहेर काढा. त्या फिती ओलाव्याने चिकटतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

आणि नाटकवाल्यांसाठी एक प्रश्न ठेवतो. भक्ती बर्वे यांच्यानंतर मंजुळा अनेकींनी केली. अमृता सुभाष यांनी केली, हेमांगी कवी यांनी केली. प्रत्येकीला पहिला पेच पडला असणार तो एकच: आता ही मुलगी बोलेल कशी? १९७५च्या मुंबईतली फुलवाली जी बोली बोलायची, ती बोलणारं आज दादरच्या फुलबाजारात किती जण सापडतील? तिथे आता निम्मा व्यवहार हिंदीत चालतो, आणि अशोक मास्तरांचे नातू 'अ‍ॅक्च्युअली' म्हटल्याशिवाय मराठी वाक्य सुरू करत नाहीत. पुढची मंजुळा उभी करणाऱ्या दिग्दर्शकाला आधी हे ठरवावं लागेल, की मास्तर तिला नेमकं कुठलं मराठी शिकवणार आहेत, आणि ते मास्तरांना तरी येतं का.